फिरत्या घरातील दिवेलागण

मोटरहोम या वाहनाला मराठीत अद्याप सर्वमान्य नाव मिळालेले नाही. कॅराव्हॅन म्हणावे, तर ती विलायतेत दुसऱ्या मोटारीने ओढून न्यावयाची असते. मोटरहोम स्वतःच्या इंजिनावर चालते. या लेखापुरते आम्ही त्यास ‘फिरते घर’ म्हणू. पुढे चालकाची बैठक, मागे निजण्याची सोय, मध्ये दोन हात लांबीचा ओटा, गॅसची शेगडी, मोरी, छोटे शीतकपाट आणि कोपऱ्यात न्हाणीघर व शौचकूप, असा हा अवघ्या सहा-सात मीटरांचा संसार असतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-बाळे आज परदेशी स्थायिक आहेत, आणि आईवडील भेटीस गेले की त्यांना अशा गाडीतून चार दिवस हिंडवून आणण्याचा प्रघात आता वाढू लागला आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

या घरात शिरल्यावर गृहिणीचे लक्ष प्रथम जाते ते ओट्याकडे, पुरुषांचे इंजिनाकडे. दिव्यांकडे कोणीच पाहत नाही. परंतु आमचा अनुभव असा की, ज्या रात्री गाडी विजेच्या खांबापासून दूर उभी असते, त्या रात्रीची सारी सुखदुःखे छतातील दिव्यांवर अवलंबून असतात. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे खोलात गेले पाहिजे.

फिरत्या घरात दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. तिला घरातील कामास लावावयाचे नाही. दुसरी संसाराची. दिवे, पाण्याचा पंप, शीतकपाटाचे नियंत्रण, मोबाइल भारित करण्याची सोय हे सर्व या दुसऱ्या बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालते. आणि थंड मुलखात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उबेचे यंत्रही. वाचकांना वाटेल, ऊब तर गॅसची असते. खरे आहे, परंतु गॅसच्या ज्वालेवर तापलेली हवा नळ्यांतून घरभर खेळविणारा पंखा आणि त्या ज्वालेवर देखरेख करणारे यंत्र, दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की हे यंत्र सुरक्षिततेसाठी आपण होऊन बंद पडते. टाकी गॅसने काठोकाठ भरलेली असली तरी माणसे थंडीने कुडकुडतात.

गाडी चालू असता इंजिन ही बॅटरी भरते. तळावर विजेची जोडणी मिळाली तर प्रश्नच उरत नाही. परंतु जोडणी नसेल तर संध्याकाळी जेवढे असेल तेवढ्यातच रात्र निभवावयाची. जुन्या वाड्यांत सकाळी रांजण भरला की त्यावर रात्रीपर्यंत भागवावे लागे, अगदी तसे. शिशाच्या बॅटरीची आणखी एक खोड आहे. तिच्यावर ८५ अँपिअर-तास असे लिहिलेले असले, तरी निम्म्याहून अधिक वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हिशेबास धरावयाचे ते ४२ च.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची धाकटी कन्या व जावई इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतात. त्यांनी २००४ साली बांधलेले एक फिरते घर जुन्या बाजारातून घेतले. गाडी बळकट, लाकूडकाम नीटनेटके. परंतु दिवे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हॅलोजनचे. छतात व पलंगाच्या उशाशी मिळून बारा दिवे, प्रत्येक १० वॅटचा. ओट्यावर दोन आखूड ट्यूबांची एक पेटी, प्रत्येक ट्यूब ८ वॅटची. जावईबापूंच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्यांच्याकडेच असतात. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तेथे होतो, तेव्हा त्यांनी अठ्ठ्याहत्तरावे वर्ष ओलांडले होते. गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही. पण हिंडण्याची हौस तरुणांना लाजवील अशी.

यॉर्कशायरच्या डोंगरी भागात वेन्स्लीडेल नावाचे एक रम्य खोरे आहे. तेथील हॉज हे गाव त्या खोऱ्याच्या नावाच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. गावाबाहेर एका शेतकऱ्याने कुरणात पाच गाड्यांपुरती जागा करून ठेवलेली. पाण्याचा नळ होता, वीज नव्हती. ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेसातपर्यंत उजाडत नाही. रात्र अशी तेरा तासांची. आम्ही पाच माणसे. कोणी वाचीत होते, कोणी भाजी चिरीत होते, नंतर पत्ते झाले. एका वेळी सहा दिवे सहज लागलेले. कोणी उधळपट्टी केली असे मुळीच नव्हे.

पहाटे तीनच्या सुमारास पंख्याची घरघर थांबली. बाहेर तीन-चार अंश तपमान. भिंती दोन बोटे जाडीच्या. अर्ध्या तासात आत श्वासाची वाफ दिसू लागली. जावईबापू उठून मातोश्रींच्या पलंगाशी गेले.

“आई, गार वाटतंय का तुला?”

“मला काही होत नाही रे. तू नीज.”

परंतु त्यांचे दात वाजत होते, ते आम्हांस पलीकडे ऐकू येत होते. शेवटी जावईबापूंनी इंजिन सुरू केले. निःशब्द कुरणात ते भलतेच गर्जू लागले. शेजारच्या गाडीत दिवा लागला. “बंद कर बाई ते, लोक झोपलेत,” असे विहीणबाई पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. नंतर लीड्सला परतल्यावर पुढील सहलीचा विषय निघाला, तेव्हा त्या सहज स्वरात म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते.” घर सांभाळण्याची गरज कोणासच नव्हती. त्या वाक्याचा अर्थ काय हे सर्वांना कळले, आणि जावईबापूंनी कागद-पेन्सिल घेतली.

तो हिशेब आम्ही येथे मुद्दाम देतो. सहा दिवे, प्रत्येकी १० वॅट, एकूण ६० वॅट. १२ व्होल्टने भागले की ५ अँपिअर. संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा असे पाच तास, म्हणजे २५ अँपिअर-तास दिव्यांनीच घेतले. उबेच्या पंख्याने रात्रभरात सुमारे १५. मोबाइलचे ४, शीतकपाटाच्या नियंत्रणाचे २, पाण्याच्या पंपाचा १. बेरीज ४७. हाताशी होते ४२, तेही बॅटरी नवी असती तर. ही तर बरीच जुनी, तिची खरी धारणा छापील आकड्याहून कितीतरी कमी झालेली. पंखा पहाटेपर्यंत चालला हेच आश्चर्य.

या बेरजेत डोळ्यांत भरते ती गोष्ट ही की, निम्म्याहून अधिक वीज प्रकाशापायी गेली होती. वस्तुतः प्रकाशापायी तरी कसे म्हणावे? हॅलोजनचा दिवा हा मूळ तारेच्याच दिव्याचा सुधारलेला अवतार. तार तापवून पांढरी करावयाची, आणि त्या तापण्यातून थोडा उजेड मिळवावयाचा. वीज जाते त्यातील बहुतांश उष्णतेच्या रूपाने छतात जिरते. विहीणबाईंच्या पलंगावरच्या दिव्याभोवती लाकूड तपकिरी पडून एक कडे उमटले होते. जी वीज पंख्याला मिळून त्यांच्या पायांशी ऊब यावयाची, ती त्यांच्या डोक्यावरचे लाकूड करपवीत होती.

पहिला सल्ला जो तो देतो तो दुसरी बॅटरी बसविण्याचा. आम्हांस तो पसंत पडला नाही, जावईबापूंनाही नाही. शिशाच्या अशा एका बॅटरीचे वजन वीस-पंचवीस किलो भरते. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर परवाना मिळालेल्या बहुतेक चालकांना ३,५०० किलोंपर्यंतचेच वाहन हाकता येते, आणि पाच माणसे, पाणी, गॅस व सामान धरता ती गाडी त्या काट्याच्या अगदी जवळ आलेली. शिवाय गळका रांजण बदलण्याऐवजी शेजारी दुसरा रांजण ठेवण्यासारखेच ते. दिवे बदलावे, असे ठरले.

एलईडीचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. विजेच्या स्पर्शाने एका स्फटिकातून उजेड निघतो हे हेन्री राउंड याने १९०७ मध्येच नमूद केले होते. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनविला. पुढे तीस वर्षे हे दिवे रेडिओवर व घड्याळांत लुकलुकत राहिले, कारण निळा रंग साधत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांनी साधला. २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळाच दिवा असतो, त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिलेला. हा लेप जसा असेल तसा उजेड ऊबदार अथवा थंडगार दिसतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

१० वॅटच्या हॅलोजनइतका उजेड दीड-दोन वॅटचा चांगला एलईडी देतो. म्हणजे सहा दिव्यांचे मिळून १२ वॅट, १ अँपिअर, पाच तासांत ५ अँपिअर-तास. पंचवीसचे पाच झाले. एकूण बेरीज सत्तेचाळीसवरून सत्तावीसवर आली.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिली खेप वाया गेली. एका विक्रेत्याने अगदी स्वस्तात बारा एलईडी घरपोच धाडले. ते लागले, उत्तम लागले. आणि सहा आठवड्यांत चार मेले व दोन डोळे मिचकावू लागले. गाडी त्या काळात दारातच, घरच्या विजेला जोडून उभी होती. आता कोणी म्हणेल, वीज भरपूर असता दिवे मरावे कसे? ते त्या भरपूर विजेनेच मेले.

‘१२ व्होल्ट’ हे निव्वळ नाव आहे. विसावलेली भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखविते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास, आणि भरली जात असता १४.४ पर्यंत चढते. स्वस्त एलईडीत काय असते? एका पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. असे तीन ओळीने जोडले की ९ झाले. १२ मधून उरलेले ३ व्होल्ट एका साध्या रोधकावर सोडून दिलेले असतात. बॅटरी १४.४ वर गेली की त्या रोधकावर ३ च्या जागी ५.४ येतात, आणि दिव्यातून जाणारा प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट होतो. एलईडी तापतो, आणि उष्णता हा त्याचा शत्रू आहे. हॅलोजनही जास्त व्होल्टेजने लवकर जातो. ५ टक्के वाढीने तारेच्या दिव्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा जुना ठोकताळा आहे. परंतु हॅलोजन पुष्कळ सहन करून मगच जातो.

म्हणून दुसऱ्या खेपेस दिवे घेताना एकच गोष्ट प्रथम पाहिली: वेष्टनावर ‘१० ते ३० व्होल्ट’ अथवा तत्सम रुंद पल्ला छापला आहे की नाही. असा पल्ला असलेल्या दिव्यात प्रवाह कायम राखणारे छोटे मंडल असते. बॅटरी चढो वा उतरो, दिव्याला जेवढे हवे तेवढेच मिळते. असा दिवा तेव्हा तीन-चार पौंडांस पडला, म्हणजे स्वस्त दिव्याच्या तिप्पट. बाराही दिवे मिळून एका नव्या बॅटरीच्या निम्म्या किमतीत आले. आमच्या मते या कामात काटकसर करावयाची जागा ही नव्हे.

या मंडलातही एक खोट निघू शकते. ते क्षणाक्षणाला प्रवाह तोडते-जोडते, आणि नीट बनविलेले नसेल तर रेडिओच्या लहरींत ढवळाढवळ करते. दिवा लावला की रेडिओ खरखरू लागतो अथवा अंकीय रेडिओ मुकाच होतो. विकत घेतल्यावर सर्वच्या सर्व बसविण्यापूर्वी एक दिवा लावून त्याच्याजवळ रेडिओ धरून पाहावा, एवढी परीक्षा पुरेशी असते.

आता रंगाविषयी. पहिल्या खेपेचे दिवे ६,००० केल्विनचे होते, म्हणजे निळसर पांढरे. त्या उजेडात आमच्या सौभाग्यवतींनी वरणाच्या पातेल्यात डोकावून “हळद घालायची राहिली की काय?” असे विचारले होते. हळद घातलेली होती. कुंकू काळपट दिसे, माणसांचे चेहरे आजारी. मुलीने त्या खोलीला ‘ऑपरेशन थिएटर’ असे नाव दिले होते. २,७०० ते ३,००० केल्विनचे दिवे घेतले की उजेड पूर्वीच्या हॅलोजनसारखा पिवळसर, घरगुती पडतो. परंतु केवळ केल्विनवर भागत नाही. रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो. हॅलोजनचा जवळजवळ १००, सामान्य एलईडीचा ८०, चांगल्याचा ९० वा अधिक. ओट्यावर आणि आरशावर ९० चा घ्यावा. न्हाणीघरात ८० चालतो. विहीणबाई दिवेलागणीला विजेच्या दिव्यालाही हात जोडतात. नव्या दिव्यांना पहिल्यांदा हात जोडताना “आता कसा दिव्यासारखा दिवा वाटतो,” असे त्या म्हणाल्या. केल्विनच्या आकड्यांपेक्षा आम्हांस ही पावती अधिक मोलाची वाटते.

बदलण्याची क्रिया सांगावयास दहा ओळीही लागत नाहीत. प्रथम घरची वीज सोडवावी व आतील मुख्य कळ बंद करावी. हॅलोजन निवू द्यावा; जळत असता त्याच्या काचेचे तपमान अडीचशे अंशांहून अधिक असते. दिवा सरळ ओढून काढावा. त्याच्या बुडाशी दोन बारीक काड्या असतात, त्यांतील अंतर ४ मिलिमीटर, म्हणून त्यास जी-४ म्हणतात. नवा घेताना काड्या बुडातून निघतात की कडेतून, आणि कपच्यात खोली किती आहे, हे मोजून घ्यावे. चकतीच्या आकाराचे एलईडी पुष्कळदा कपच्यात बसत नाहीत, आणि मग परत धाडण्याचा व्याप होतो. बसविल्यावर लागला नाही तर उलटा करून पाहावा. हॅलोजनला उलटसुलट कळत नसे, काही एलईडींना कळते. फ्यूज आहे तोच राहू द्यावा, तो तारांच्या रक्षणासाठी असतो. गाडीच्या बाहेरील दिव्यांना, विशेषतः पुढच्यांना, हात लावू नये. तेथे कायद्याची मान्यता लागते.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. शयनभागातील दोन एलईडी बंद केल्यावरही अंधुक मिणमिणत राहत. त्या गाडीत साध्या कळीऐवजी स्पर्शाने चालणारी इलेक्ट्रॉनिक कळ आहे, आणि ती बंद असतानाही थेंबभर प्रवाह गळतो. हॅलोजनला तो जाणवतही नसे. एलईडीला तेवढाही पुरतो. समई शांत केल्यावर वात धुमसत राहावी तसे ते दृश्य. त्या दोन दिव्यांच्या वाटेत एक छोटा रोधक जोडून जावईबापूंनी तो बंदोबस्त केला. उजेड कमी-जास्त करण्याची जुनी फिरकी असेल तर तीही बहुधा बदलावी लागते.

२०२३ च्या ऑक्टोबरात तेच कुरण, तेच महिने, आणि या खेपेस विहीणबाईही आमच्याबरोबर. त्यांना आणण्यास काही फार आर्जवे करावी लागली नाहीत. जावईबापूंनी तो हिशेबाचा कागदच त्यांच्यापुढे ठेवला. त्या काळी मॅट्रिकला गणितात पहिल्या आलेल्या. त्यांनी बेरीज स्वतः तपासली आणि “पंख्याचे पंधरा धरलेस, सोळा धर,” असे सुचविले.

बॅटरीही त्या वर्षी नवी घेतलेली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सारे श्रेय दिव्यांना देता येणार नाही. सकाळी काटा १२.३ दाखवीत होता. पंखा रात्रभर चालला. तरीही लागोपाठ दोन रात्री एका जागी, गाडी न हलविता काढता येतील असे आम्ही म्हणणार नाही. बेचाळीसमधून सत्तावीस गेले तर पंधरा उरतात, आणि दुसऱ्या रात्रीला पुन्हा सत्तावीस हवेत. छतावर सौर फलक असला, तरी त्या अक्षांशावर ऑक्टोबरातला आडवा सूर्य फारसे देत नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास तरी गाडी हाकावी लागते, आणि हिंडावयास आलेल्या माणसांना त्यात कष्ट ते कोणते?

परंतु या बदलाचा आम्हांस सर्वाधिक भावलेला लाभ निराळाच आहे. वृद्धांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. फिरत्या घरात पायरी असते, अरुंद वाट असते, आणि अनोळखी अंधार असतो. १० वॅटचा एक हॅलोजन दहा तास तेवत ठेवला तर ८ अँपिअर-तास खर्ची पडतात; म्हणजे पंख्याच्या निम्मे. म्हणून पहिल्या सहलीत रात्री सर्व दिवे बंद, आणि विहीणबाई उशाशी विजेरी घेऊन निजलेल्या. ती एकदा हातातून निसटून गडगडत गेली, तेव्हा त्या काळोखात भिंत चाचपीत उभ्या राहिल्या, कोणास हाक न मारता. आता न्हाणीघराच्या दाराशी, गुडघ्याच्या उंचीवर, पाव वॅटचा तांबूस पिवळा एलईडी बसविला आहे. तो रात्रभर राहिला तरी पाव अँपिअर-तासही घेत नाही. हिशेबात त्याची नोंद करण्याचेही कारण पडत नाही.

वाचवलेली वीज वाचून राहतेच असे नाही, हेही आम्ही पाहिले. दिवे स्वस्त झाले की कोणी ते बंद करीत नाही. नातवाने आपला लॅपटॉप १२ व्होल्टच्या खोबणीत खुपसला, त्याचेच सात-आठ अँपिअर-तास झाले. मुलीने मग ओट्यावर एक छोटे मापक लावून घेतले, त्यावर किती गेले ते आकड्यांत दिसते.

हा सारा हिशेब आपल्या बडोद्याच्या घरी जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून दोन शब्द त्याविषयी. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, त्यामुळे साठ वॅटचे बल्ब आता कोठे फारसे दिसत नाहीत. परंतु जुन्या घरांत चोकच्या ट्यूबा अद्याप आहेत, आणि त्या नेमक्या इन्व्हर्टरवर असतात. अशी एक ट्यूब चोक धरून सुमारे ५० वॅट घेते, तेवढ्याच उजेडाची एलईडी पट्टी २०. १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरावयाची आणि इन्व्हर्टरचे नुकसान वजा करावयाचे, तर हाती सुमारे ७२० वॅट-तास येतात. चार ट्यूबा व दोन जुने पंखे यांचे ३५० वॅट होतात, आणि दोन तासांत बॅटरी थकते. ट्यूबांऐवजी पट्ट्या लावल्या तर तीन तास. पंखेही नव्या पद्धतीचे, तीस वॅटचे घेतले तर पाच. मे महिन्याच्या दुपारी या तीन तासांची किंमत काय, हे ज्यांच्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे त्यांना सांगावयास नको. घरी मात्र १४.४ व्होल्टची धास्ती नाही. इन्व्हर्टर २३० व्होल्टचीच वीज देतो, आणि बाजारातला कोणताही चांगल्या प्रतीचा दिवा चालतो.

जी-४ हॅलोजनची विक्री युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२३ पासून बंद होत गेली आहे. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांना हा बदल आज ना उद्या करावाच लागेल. लीड्सच्या त्या गाडीत ओट्यावरची ट्यूबांची पेटी तेवढी अजून जुनी आहे. तिच्यातील चोकसारखे मंडल काढून टाकून एलईडीची पट्टी बसवावयाची आहे. जुन्या ट्यूबांत पारा असतो, त्या घरच्या कचऱ्यात टाकावयाच्या नसतात. नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर नेऊन द्यावयाच्या म्हणून जावईबापूंनी त्यांसाठी एक पुठ्ठ्याची नळी आधीच शोधून ठेवली आहे.